सगळ्या फटी बुजवू नकोस गं

अगं, आधी तो खराटा खाली ठेव आणि दोन मिनिटं पायरीवर बस. जुन्या घराचं परस पहिल्यांदा नीट निरखलं की असंच धस्स होतं. एक फरशी डुगडुगतेय, दुसरीच्या कडेचा टवका गेलाय, दरजांतला माल भुगा होऊन खराट्याबरोबर बाहेर येतोय, आणि जिथे माल उरलाच नाही तिथे आंबुशी, एकदांडी, हरळी यांचं रान माजलंय. त्यात गवंडी सांगून गेला, "ताई, सगळं खरवडू आणि सिमेंट मारून टाकू. दहा वर्षं बघायला नको." तुला तर ते फटीतलं हिरवं आवडतं. ते गेलं की सासूबाईंचं परस गाड्या लावायच्या जागेसारखं दिसेल, ही धाकधूक घेऊन तू रात्रभर जागी राहिलीस.

खरं सांगू का, तुझी धाकधूक बरोबर आहे. मी सात वर्षांपूर्वी त्या "बघायला नको"ला हो म्हटलं होतं. सातारच्या आमच्या परसात अगदी तुझ्यासारखीच शहाबादी फरशी आहे. सिमेंटचा पातळ घोळ केला, खराट्याने सगळ्या दरजांत सारला, दोन दिवसांत काम संपलं. पहिलं वर्ष मीही खूश होते. दुसऱ्या पावसाळ्यात स्वयंपाकघराच्या भिंतीला आतून गुडघाभर ओल चढली. फरशीवर सिमेंटची राखाडी साय बसली होती, ती कशानेच निघेना. आणि चौथ्या वर्षी बघते तर सिमेंटच्या पट्ट्या जशाच्या तशा, पण त्यांच्या दोन्ही अंगांनी फरशीच्या कडा पापुद्रे सुटून खाली गेलेल्या. ते सिमेंट छन्नीने काढताना माझ्या अकरा फरश्या फुटल्या. तुझी एकही फुटू नये म्हणून हे सगळं सांगतेय.

बघ, यात समजून घ्यायची गोष्ट एकच आहे. दरज ही दगडापेक्षा मऊ हवी. शहाबादी म्हणजे चुनखडीचा दगड, तिकडे गुलबर्ग्याजवळच्या शहाबादहून येतो म्हणून ते नाव. उन्हाने तो किंचित फुगतो, रात्री आकसतो. ती हालचाल दरजेने सोसायची असते. शिवाय फरशीखाली गेलेलं पाणी दरजेतून वर येऊन सुकायला हवं. दरज दगडाहून कडक आणि घट्ट झाली की पाणी दगडातूनच वाट काढतं, जाता जाता क्षार कडेला सोडतं आणि कडा भुसभुशीत होते. झिजायचंच असेल तर दरजेने झिजावं. ती पुन्हा भरता येते, फरशी पुन्हा आणता येत नाही. आणलीस तरी त्या जुन्या पायाखालच्या गुळगुळीत रंगाची मिळत नाही.

म्हणून जुने लोक चुना वापरत. शनिवारवाड्याचं काम १७३० साली सुरू झालं, आणि आपण ज्याला सिमेंट म्हणतो त्या पोर्टलँड सिमेंटचं पेटंट इंग्लंडमध्ये जोसेफ ॲस्पडिनने घेतलं ते १८२४ मध्ये. म्हणजे तोवर आपल्याकडचे चौक, तलाव, घाट, सगळं चुन्यावर उभं राहिलं होतं. किल्ल्यांवर ती चुन्याची घाणी बघितली असशील ना, गोल चर आणि त्यात फिरणारं दगडी चाक? तोच माल. त्यामुळे गवंडी "चुना आता कोण वापरतं" म्हणाला तर दबून जाऊ नकोस. शांतपणे सांग, आमच्याकडे वापरायचाय.

आता त्या ॲसिडच्या बाटलीबद्दल. फोनवर तू सहज म्हणालीस की धुवायला आणून ठेवलीय. ती परत कर, नाहीतर संडासात वापर. तुझ्या ओट्याचा कडप्पा आहे ना, त्यावर लिंबू पिळताना थेंब सांडला की पुसूनही निस्तेज ठिपका राहतो, तो कशाने? आंबटाने दगड खाल्ला जातो. कडप्पा आणि शहाबादी दोन्ही चुनखडीच्याच जातीचे. लिंबाने ओट्याचं एवढं होतं, तर ॲसिडने परसाचं काय होईल सांग. कोणी मीठ टाकायला सांगेल, तेही नको. गवत मरतं खरं, पण मीठ मातीत आणि दगडात मुरून बसतं आणि वर्षानुवर्षं छळतं. आणि तो जोरात पाणी मारायचा पंप भावजींकडून मागवू नकोस. दरजांत जो काही चांगला माल शिल्लक आहे तोही तो उडवेल. पाणी, खराटा, तारेचा ब्रश आणि तुझे दोन हात. एवढं पुरतं.

पहिल्या दिवशी छन्नीला हातच लावायचा नाही. खडू घे आणि परसात फीर. घराच्या भिंतीपासून दोन-तीन फुटांचा पट्टा आखून घे. तिथे एकही रोप नको, तिथल्या दरजा नीट, गच्च भरायच्या. पावसाचं पाणी जोत्याशी मुरता कामा नये, ते उताराने लांब गेलं पाहिजे. उतार दहा फुटांना दीड-दोन इंच असला की झालं. गवंड्याकडून नळीची लेव्हल लावून बघून घे, दहा मिनिटांचं काम आहे.

मग स्वयंपाकघराच्या दारापासून तुळशीपर्यंत आणि तिथून कपडे वाळत घालायच्या तारेपर्यंत अडीच फुटांची वाट आख. ही सासूबाईंची वाट. त्यांची काठी फटीत अडकायला नको, हिरव्यावरून पाय सरकायला नको. इथल्या दरजा फरशीला समपातळीत भरायच्या. तुळशीपुढे तू रांगोळी काढतेस त्या फरशीभोवतीही तेच कर. या तीन जागा सोडून जे उरतं ते तुझं हिरवं. तिथेही सगळ्या फटी मोकळ्या ठेवायच्या असं नाही बरं का. अंगठ्याएवढी किंवा त्याहून रुंद फट असेल ती रोपांना दे, अरुंद असेल ती चुन्याने भर. अरुंद फटीत मुद्दाम लावलेलं रोप तग धरत नाही आणि नको असलेलं मात्र मजेत वाढतं, हा माझा अनुभव.

तुला ते सगळं मिळून डोंगराएवढं वाटतंय ना? चल, हिशोब करू. तुझं परस साधारण दहा बाय बारा फूट, फरशी दोन बाय दोन. म्हणजे सगळ्या दरजा मिळून शंभर फुटांच्या आत. दरज पाऊण इंच रुंद आणि इंचभर खोल धरली तर एकूण माल लागतो अर्धा घनफूट. अगं, पंधरा लिटरची एक बादली! त्यातल्या तिसऱ्या हिश्श्यात तर रोपंच जायचीत. सांडलवंड धरूनही बादलीभरात परस होतं. तो गवंडी सिमेंटच्या गोण्या मोजत होता ना, त्याला हा हिशोब दाखव.

हे काम दिवाळीनंतर काढ आणि महाशिवरात्रीच्या आत संपव. पावसात चुना धुऊन जातो, आणि चैत्र-वैशाखाच्या उन्हात तो सेट व्हायच्या आधी सुकून तडकतो. थंडीतली सकाळ सगळ्यात चांगली.

खरवडायला पाट घेऊन बस, कमरेत वाकून करू नकोस. सैल माल जुन्या स्क्रू-ड्रायव्हरने निघतो, अडला तर बारीक छन्नी आणि हलकी हातोडी. छन्नी दरजेच्या मधोमध धर, फरशीच्या कडेवर टेकवू नकोस. ग्राइंडर आणतो म्हणेल कोणीतरी, त्याला आणू देऊ नकोस. एका क्षणात कड कापली जाते आणि धूळ छातीत जाते. आणि जिथला जुना चुना घट्ट बसलाय तिथे त्याला हात लावू नकोस. स्क्रू-ड्रायव्हरने ओरखडल्यावर जो हलत नाही, तो तुझ्यापेक्षा वयाने मोठा आहे. त्याला राहू दे.

माझ्याकडे एका दरजेत दोन पानांचं पिंपळाचं रोप होतं, करंगळीएवढं. गोजिरवाणं दिसायचं म्हणून मी दोन वर्षं उपटलं नाही. फरशी उचलली तेव्हा खाली अंगठ्याएवढं जाड मूळ, फरशीच्या पोटाला चिकटून चार फूट पळालेलं. वड, पिंपळ, उंबर पाखरांच्या विष्ठेतून येतात. दोन पानांवर असतानाच मुळासकट काढून कुंडीत लाव आणि कुठे मोकळ्या जागी देऊन टाक. यात दयामाया नको.

डुगडुगणाऱ्या फरश्यांचं आधी कर, मगच दरजा. प्रत्येक फरशीवर हातोडीच्या दांड्याने ठोकून ऐक. भरीव असेल तर आवाज टणक येतो, पोकळ असेल तर बद्द. पोकळी बहुतेक वेळा मुंग्यांनी केलेली असते. फटीपाशी त्या बारीक मातीची रांगोळी घालतात ना, ती फरशीखालचीच भर असते. अशी फरशी पहारीने अलगद उचल. पण एकटीने नाही, समोरून धरायला कोणीतरी हवंच, आणि बोटं खाली घालायची नाहीत. उचलायच्या आधी तिच्यावर खडूने नंबर टाक आणि फोटो काढ. खालची जागा वाळू आणि थोड्या चुन्याने भर, चोप, फरशी परत बसव. तू विचारत होतीस ना, हिरवं ठेवलं तर विंचू येतील का? विंचवाला ती पोकळीच आवडते. फरशी खालून भरीव असली आणि झाडोरा बोटभर उंचीचा ठेवला की त्याला लपायला जागा राहत नाही. तरी फरशी उचलताना हातमोजे घाल.

आता चुना. रंगाच्या दुकानात पुडीतला मिळतो तो भिंती रंगवायचा, तो चालत नाही. बांधकामाचा चुना असं स्पष्ट सांगून माग. विरवलेला, लोण्यासारखा मिळाला तर फारच छान. कळीचा चुना मिळाला तर गवंड्याकडून विरवून घे. तो विरताना पाणी अक्षरशः उकळतं. पाण्यात चुना टाकायचा, चुन्यावर पाणी ओतायचं नाही. डोळ्यांना चष्मा, हातात रबरी मोजे, आणि पोरांना त्या दिवशी मावशीकडे पाठव. डोळ्यात उडालाच तर लगेच भरपूर पाण्याने धूत राहायचं आणि तडक डॉक्टरांकडे जायचं. विरवलेला चुना पाण्याखाली झाकून निदान पंधरा दिवस मुरू दे. आपण लोणचं मुरू देतो तसंच, घाई केली की पुढे त्रास.

माप सोपं आहे. एक वाटा चुना, एक वाटा सुरखी, दोन वाटे चाळलेली वाळू. सुरखी म्हणजे विटेची पूड. ती लाल, मऊसर विटेची हवी, काळपट खंगर विटेची नको, तिच्यात ती ताकद उरत नाही. सुरखीमुळे चुना ओलाव्यातही घट्ट होतो, आणि दरजेला तो मंद तांबूस रंग येतो की परस नवं न दिसता फक्त सावरलेलं दिसतं. जुने गवंडी गूळ, बेलफळाचं पाणी, हिरडा घालत. तुझा गवंडी त्यातला जाणकार असेल तर घालू दे, नसेल तर तू अंदाजाने काही टाकू नकोस. आणि चुना मिळालाच नाही असं झालं, तर निदान नुसतं सिमेंट नको. एक वाटा सिमेंट, एक चुन्याची भुकटी, सहा वाळू, असं मिसळ. चुन्याइतकं मऊ नाही होत, पण फरशीच्या कडा बऱ्याच जपल्या जातात.

माल कोरडसर भिजवायचा. मुठीत दाबला तर लाडू व्हावा आणि हाताला चिकटू नये. पाणी जास्त झालं की सुकताना आकसून भेग पडते. दरज आधी पाण्याने नीट ओली कर, कोरड्या दगडाने चुन्यातलं पाणी शोषलं तर माल धरत नाही. मग थापीच्या पाठीवर थोडा माल घेऊन अरुंद सळईने आत ढकल. दाब, पुन्हा घाल, पुन्हा दाब. खाली पोकळ राहिलं तर वरचं पापडासारखं निघतं. रुंद फटीत दगडाच्या चिपा खोच, माल कमी लागतो आणि दिसतंही सुंदर. फरशीवर सांडलेलं तेव्हाच ओल्या फडक्याने टिपून घे.

आणि एक युक्ती. माल अर्धवट घट्ट झाला, नखाने दाबल्यावर खूण उमटते पण बोट आत जात नाही, अशा वेळी दाठर ब्रशने त्यावर नुसते ठोके मार. घासू नकोस, ठोके. वरची गुळगुळीत साय जाते, वाळूचे कण उघडे पडतात आणि दरज जुन्या दरजांत मिसळून जाते. परस नैसर्गिक दिसणं निम्मं या ठोक्यांवर असतं.

मग गोणपाट. आठ-दहा दिवस ओलं गोणपाट अंथरून ठेव, सकाळ-संध्याकाळ झारीने शिंपड. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत घेत हळूहळू दगड होतो, त्याला वेळ आणि ओलावा दोन्ही लागतात. त्या दिवसांत कपडे गच्चीवर वाळत घाल. सगळं परस एकदम उकरू नकोस. रोज दोन-तीन फरश्यांभोवतीचं काम कर, म्हणजे रोजचा स्वयंपाकही होतो आणि पाठही जागेवर राहते.

रोपं मात्र लगेच नाहीत. ताजा चुना मुळांना भाजतो. मोकळ्या ठेवलेल्या फटी तोवर वाळूने भरून ठेव आणि मृग लागेपर्यंत धीर धर. मग ती वाळू वरवर काढून दोन वाटे वाळू, एक माती, एक गांडूळखत असं मिश्रण भर, आणि फरशीच्या पातळीपेक्षा अर्धा इंच खालीच थांब. तेवढा खळगा राहिला की पाय पडला तरी खोड चेंगरत नाही. खत जास्त घालू नकोस, रोपं बुटकी राहायला हवीत.

काय लावायचं? नळापाशी ओल असते, तिथे ब्राह्मी. भर उन्हात ऑफिस टाइम, आणि त्याचीच सख्खी चिवळ, उन्हाळ्यात तिची पीठ पेरून भाजी होते. पायाखाली जरा जास्त येणाऱ्या फटीत जलपिंपळी लाव. ती पाय सोसते, आणि तिच्या इवल्या पांढुरक्या-जांभळ्या फुलांवर फुलपाखरं येतात. भिंतीच्या सावलीत चुन्यात आपोआप नेचे उगवतात, ते जोत्यापासून लांब असतील तर राहू दे. दूर्वा गणपतीला हव्यात म्हणून फटीत लावशील, तर ऐक, दूर्वा म्हणजे हरळीच. ती फरशीखालून पळते. तिला कुंडीत ठेव. नर्सरीवाला पिवळ्या फुलांची वेडेलिया देईल, झटपट पसरते म्हणून. तेच तिचं दुखणं आहे. जगातल्या सर्वांत त्रासदायक शंभर आक्रमक जातींच्या यादीत तिचं नाव आहे. घेऊ नकोस.

आंबुशी तेवढी सगळी उपटू नकोस हं. भिंतीजवळची काढ, मधली राहू दे. तिच्या शेंगा बोट लावताच फुटतात आणि बी उडतं, त्यामुळे ती कुठेतरी येणारच. चटणी कर. बाकी नको असलेल्या गवतावर चहाचं उरलेलं उकळतं आधण ओत, दोन-तीनदा केलं की बहुतेक मरतं. हरळी त्यालाही पुरून उरते, तिला खुरप्यानेच काढावं लागतं, आणि दरवर्षी. पावसाळ्यात सासूबाईंच्या वाटेवर शेवाळ धरेल, ते आठवड्यातून एकदा खराटा आणि मूठभर वाळूने घासून काढ. वरच्या आंब्याची खालची फांदी उतरवलीस तर ऊन पोचेल आणि तेही कमी होईल.

पहिला जोराचा पाऊस आला की छत्री घेऊन परसात उभी राहा. लोक हसतील, हसू देत. पाऊस थांबल्यावर पाव तास थांब, आणि जिथे जिथे पाणी अजून साचलेलं असेल तिथे एकेक गोटा ठेव. किती झाले ते मोजून मला फोन कर. पाच-सहा असले आणि जोत्यापासून लांब असले तर काही करायचं नाही, चिमण्या येतील आंघोळीला. भिंतीजवळ एक जरी असला तर तेवढी एकच फरशी दसऱ्यानंतर उचलू, खाली वाळू घालून अर्धा इंच वर घेऊ. मी येते तेव्हा. तोवर थोडा चुना पाण्याखाली झाकून ठेव, लागेल.